घेणारा नावे

खात्यांचे प्रकार तीन असतात, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. ते कळलं नसतं तर आमच्या इमारतीतल्या त्रेचाळीस घरांशी माझे संबंध आजही जिन्यात भेटल्यावर मान हलवण्याइतके तरी शिल्लक असते. आता हे सगळं कळलं म्हणून घडलं, की उशिरा कळलं म्हणून, यावर आमच्या घरात एकमत नाही. ही, म्हणजे माझी पत्नी, म्हणते की मुळात कळलंच नाही म्हणून घडलं. तिचं म्हणणं बरोबर असावं. बहुतेक वेळा असतं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, वीजमीटरांच्या कपाटाला लागून, एक खोली आहे. तिथे अकरा वर्षं वाचनालय चालू आहे. कपाटं सात, टेबलं दोन, पंखा एक, आणि संध्याकाळी पाच ते आठ मी. एका महाविद्यालयात मी चौतीस वर्षं सहायक ग्रंथपाल होतो. मुख्य ग्रंथपाल झालो नाही, कारण मुलाखतीत त्यांनी विचारलं, या जागेवर तुम्हालाच का घ्यावं? मी प्रामाणिकपणे विचार केला. मला कारण सापडलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनाही ते पटलं.

तेव्हा निवृत्तीनंतर या खोलीत बसायला मिळणं माझ्यासाठी किती मोलाचं आहे, ते वेगळं सांगायला नको. घरात मला बसता येत नाही. मी या खोलीतून त्या खोलीत जातो, खिडकी उघडतो, लावतो, परत उघडतो. ही म्हणते, घरात माणूस आहे की वारा आहे ते कळत नाही. त्या खोलीत मात्र मी तीन तास एका जागी बसू शकतो.

इमारतीने खोली दिली होती ती एका अटीवर. वाचनालय सरकारी कार्यालयात नोंदलेलं असलं पाहिजे. नोंदणी गेली की खोली परत. आणि परत आलेली खोली इमारतीच्या व्यायाम मंडळाला द्यायची, असं आधीच ठरून गेलेलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे पैलवान म्हणतात. इमारतीत त्यांच्याइतका बारीक माणूस दुसरा नाही, त्यामुळे हे नाव त्यांना कुणी आणि का दिलं ते विचारायची हिंमत कुणी करत नाही. त्यांनी पळायचं यंत्र विकतसुद्धा घेऊन ठेवलं होतं. चादर पांघरलेलं ते यंत्र वाचनालयाच्या दाराबाहेर बोळात उभं असायचं, एखाद्या आजाऱ्याच्या खोलीबाहेर वारसदार थांबतो तसं. एकदा तर पैलवान मी आत बसलेलो असताना फीत घेऊन खोली मोजायला आले. मला म्हणाले, जरा पाय वर घ्या. मी घेतले. चूक तिथूनच सुरू झाली असावी.

तर एक दिवस कार्यालयाचं पत्र आलं. मागच्या वर्षाचे हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने लिहून, तेरीज आणि ताळेबंदासह, सहा आठवड्यांत सादर करावेत. ज्यांच्याकडून संस्थेला येणं आहे त्यांची यादी सूचनाफलकावर सात दिवस लावावी. अन्यथा नोंदणी रद्द. आमचे खजिनदार तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ते दोन महिन्यांपूर्वी कायमचे लेकीकडे राहायला गेले होते. जाताना त्यांनी वाचनालयाचा सगळा हिशेब माझ्या हवाली केला होता, म्हणजे बुटांच्या खोक्यात भरलेल्या पावत्या. त्यांतल्या काही वाचनालयाच्या होत्या.

सभा भरली. नवा खजिनदार कोण, असं वाचनालयाच्या अध्यक्षांनी विचारलं. सगळे बोलले: कुणाची पाठ दुखत होती, कुणाच्या डोळ्यांचं काम निघालं होतं, कुणाचा जावई येणार होता. मी एकटा काही बोललो नाही. कार्यवृत्तात लिहिलं गेलं की माझी हरकत नाही.

हिशेबनीसाकडे जावं म्हटलं तर त्याने सांगितलेली फी वाचनालयाच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा जास्त होती. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की, काका, हे अगदी सोपं असतं, शाळेतली मुलंसुद्धा करतात. शाळेतली मुलं करतात ती कामं सोपी असतात, हे या लोकांना कुणी सांगितलं, मला कळत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कामं मी शाळेतच केली.

मी वाचनालयातून हिशेबाचं एक जुनं पाठ्यपुस्तक घरी आणलं. रीतसर, माझ्याच नावावर नोंद करून.

पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा, आणि दोन्हीकडे रक्कम सारखीच मांडायची. इथवर ठीक होतं. दुसऱ्या प्रकरणात खात्यांचे प्रकार आले. व्यक्तींची खाती: माणसं, संस्था, बँका. त्यांचा नियम, घेणारा नावे, देणारा जमा. मालमत्तेची खाती: रोकड, कपाटं, पंखा. त्यांचा नियम, येईल ते नावे, जाईल ते जमा. आणि तिसरी नामधारी खाती: भाडं, व्याज, पगार, वर्गणी, म्हणजे ज्यांना हातपाय नाहीत, जी फक्त नावाला असतात. त्यांचा नियम, खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा.

मी हे तीन नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून खिशात ठेवले आणि घरात फेऱ्या मारत पाठ करू लागलो. व्यक्ती आणि मालमत्ता एका दुपारी जमल्या. नामधारी खात्यांपाशी मी अडलो. पुस्तकात म्हटलं होतं की ही खाती वर्षअखेरीस बंद करायची, त्यांची शिल्लक पुढच्या वर्षात नेली जात नाही. नुसतं नावाला असणं, आणि वर्षअखेरीला काही शिल्लक न राहता बंद होणं. एकाहत्तराव्या वर्षी असली वाक्यं दुपारच्या वेळी एकट्याने वाचू नयेत. मी दोन दिवस त्या पानाच्या पुढे गेलो नाही.

पुस्तकाच्या शेवटी सल्ला होता की नवशिक्याने आधी घरातल्या व्यवहारांवर सराव करावा. तेवढ्यात हिने चहा आणून ठेवला. मी मोठ्याने म्हणालो, चहा घेणारा मी, म्हणून मी नावे. देणारी तू, म्हणून तू जमा. हिने विचारलं, हे आजपासून का? मी म्हटलं, नियमाप्रमाणे पाहिलं तर लग्नापासून. तिने पदराला हात पुसले आणि समोर बसली. म्हणाली, करा बेरीज. मी वही मिटली. घरातल्या व्यवहारांवर सराव करा असं सांगणाऱ्या लेखकाचं लग्न झालेलं नसावं.

तिसऱ्या आठवड्यात हिचे थोरले भाऊ आले. मेव्हण्यांनी तीस वर्षं बँकेत रोखपालाचं काम केलं आहे. म्हणजे नोटा मोजल्या आहेत. पण बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हिशेब कळत नाही असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. मला स्वतःला ग्रंथालयात चौतीस वर्षं काढून काय कळलं, हाही प्रश्न उरतोच. त्यांनी माझी वही उघडली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं की रोख आली तर ती नावे का लिहिली आहे. मी खिशातला कागद दाखवला: येईल ते नावे. त्यांनी स्वतःचं पासबुक काढून माझ्यापुढे आपटलं. त्यात जिथे जिथे पैसे भरले होते तिथे तिथे जमा छापलेलं होतं.

"पैसे आले की जमा, गेले की नावे," ते म्हणाले. "भावोजी, तीस वर्षं मी तिथे काय माशा मारत होतो?"

छापील पासबुक आणि तीस वर्षं एकीकडे, आणि पोस्टकार्डाएवढा कागद दुसरीकडे. मी दोनशे दहा नोंदी खोडल्या आणि उलट्या लिहिल्या. त्याला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी हिशेबाप्रमाणे असं निघालं की वाचनालयाच्या पेटीत रोकड नसून पेटीच कुणाला तरी काही देणं लागते. मी तसाच उठलो आणि गच्चीवर फेऱ्या मारून आलो. खाली येऊन पाहतो तर बोळातल्या यंत्रावरची चादर कुणीतरी धुऊन, इस्त्री करून घातली होती.

ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला नाही, घड्यांनाच उद्देशून अडचण सांगितली. तिने मान वर न करता विचारलं की पासबुक लिहितं कोण. बँक, मी म्हटलं. मग दादा बँकेत पैसे भरतात तेव्हा बँकेच्या दृष्टीने दादा कोण? देणारा. देणारा जमा, मी म्हटलं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"त्यांच्या वहीतलं त्यांना लखलाभ," ती म्हणाली. "दुसऱ्याची वही आपल्या वहीत कशाला कोंबता?"

मी पाच दिवसांचं काम परत खोडून मूळपदावर आणलं. हिने ते पुस्तक कधी वाचलं असं मी विचारलं, तर म्हणाली, वाचलं नाही. तुम्ही महिनाभर घरात बडबडत फिरताय, ते भिंतींनासुद्धा पाठ झालंय.

आता मुख्य गोष्ट.

एका संध्याकाळी मी वाचनालयात बसलो होतो. चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई आल्या आणि दोन पुस्तकं घेऊन गेल्या. मी सवयीने देवघेवीच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता पेन थांबलं. हा व्यवहार नव्हे काय? घेणारी व्यक्ती आहे. जाणारी वस्तू आहे. वस्तूला किंमत आहे, ती आमच्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत लिहिलेली आहे. घेणारा नावे: दंतवैद्य बाई. जाईल ते जमा: पुस्तकं. दोन्ही नियम टाचेला टाच लावून उभे. आणि आमच्या आधीच्या खजिनदारांनी अकरा वर्षांत असली एकही नोंद केलेली नव्हती.

सांगताना शरम वाटते, पण त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. असा प्रसंग माझ्या आयुष्यात फारसा आलेला नसल्यामुळे तो ओळखायला मला थोडा वेळ लागला. आणि चूक शोधायची कुठे? पुस्तक कपाटातून बाहेर गेलं की ते गेलं, असंच मानायची मला चौतीस वर्षांची सवय. महाविद्यालयात दर पुस्तकामागे माझा जीव खालीवर व्हायचा. माझ्या लेखी वाचक म्हणजे पुस्तक नेणारा माणूस. तो ते वाचतो ही गोष्ट मी ऐकून होतो.

मी देवघेवीची वही पहिल्या पानापासून उतरवून काढली. त्रेचाळीस घरांची त्रेचाळीस खाती उघडली. कुणी पुस्तक नेलं की तो नावे, परत आणलं की तो जमा. वर्षअखेर तीनशे सतरा पुस्तकं बाहेर होती, काही आठ-आठ, नऊ-नऊ वर्षं. मग तेरीज मांडली, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलका दोन रकान्यांत लिहून खाली बेरजा घेतल्या. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. त्रेसष्टचा फरक आला. पुस्तकात म्हटलं होतं की फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. मी तीन दिवस जेवताना, चालताना, न्हाव्याच्या खुर्चीत ते शोधत होतो. न्हावी म्हणाला, काका, मान हलवू नका. चौथ्या दिवशी दात घासताना आठवलं: झाडूवाल्याला दिलेले एक्याऐंशी मी एके ठिकाणी अठरा लिहिले होते. तसाच तोंडात फेस घेऊन धावलो आणि आकडा दुरुस्त केला. तेरीज जुळली.

ते दोन आकडे एकमेकांसमोर अगदी सारखे उभे होते. मी हिला बोलावून दाखवले. तिने पाहिलं आणि म्हणाली, छान, आता तोंड धुवा.

सोमवारी मी येण्याची यादी सुवाच्य अक्षरात लिहून फलकावर लावली. वर ठळक मथळा: संस्थेचे येणे असलेल्या व्यक्ती. खाली त्रेचाळीस घरं आणि पुढे रकमा. सगळ्यात मोठी रक्कम पैलवानांच्या नावापुढे होती. सात पुस्तकं त्यांच्याकडे होती, त्यांत दोन खंडांचा एक शब्दकोश. तो त्यांनी कशासाठी नेला ते मी कधी विचारलं नव्हतं.

लोकांनी यादी वाचली ती कामाला जाताना. त्यामुळे बातमी माझ्याआधी गावभर झाली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक सगळ्यात आधी आले. आयुष्यात कुणाची काडी बाकी ठेवली नाही, असं ते सुरुवातीला हळू आणि शेवटी मोठ्याने म्हणाले, आणि चार पुस्तकं टेबलावर ठेवून पावती मागितली. दंतवैद्य बाईंनी पुस्तकं मोलकरणीच्या हाती पाठवली आणि सोबत चिठ्ठी: तुमच्या दाढेचे उरलेले काम दुसरीकडे करून घ्यावे. सहाव्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं की हे व्याजासकट आहे का. मी नाही म्हटलं, तर त्या जास्तच दुखावल्या. त्यांना वाटलं मी दया दाखवतोय. पैलवानांचे होणारे व्याही नेमके त्याच दिवशी घर पाहायला आले होते आणि लिफ्टची वाट पाहत फलकापाशी दहा मिनिटं उभे राहिले होते. पैलवानांनी सातही पुस्तकं यंत्रावर रचून ठेवली, सगळ्यात वर शब्दकोशाचे दोन खंड, एकावर एक, दगड ठेवावा तसे.

सात दिवस पुस्तकं येत राहिली. पिशव्यांतून, खोक्यांतून, एकदा लिफ्टमधून नुसतीच, माणसाशिवाय. मी प्रत्येकाला पावती देत होतो, कारण देणारा जमा. घरी आलो तरी बसवत नव्हतं, कारण दाराची घंटा वाजायची आणि बाहेर कुणी नसायचं, फक्त पुस्तक असायचं. हिला भाजीवाल्यापाशी तीन बायकांनी ओळख दाखवली नाही. तिने मला तसं नुसतं सांगितलं; बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी मी कार्यालयात गेलो. चार नंबरच्या टेबलावरच्या बाईंनी माझी तेरीज पाहिली आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, काका, हाताने लिहिलेली जुळलेली तेरीज पाहून वर्षं झाली. मग त्यांनी खातेवही उघडली. त्यांची लाल पेन्सिल पहिल्या पानावर थांबली, दुसऱ्यावर थांबली, मग त्यांनी ती खाली ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही वही दाखवली.

"हे एवढे लोक तुमचं देणं लागतात?" त्यांनी विचारलं.

मी नियम सांगितला. घेणारा नावे.

"काय घेतलं त्यांनी?"

"पुस्तकं. वाचायला."

"काका, शिंप्याकडे कापड शिवायला टाकलं म्हणजे ते शिंप्याचं झालं का? पुस्तक वाचकाकडे असलं तरी मालकी तुमचीच. देणंघेणं झालंच नाही, तर नोंद कसली करता?"

"पण बाई, तेरीज जुळते आहे."

"जुळणारच. दोन्ही बाजूंना तुम्ही सारखंच चुकलाय."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं. मग ड्रॉवरमधून एक अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. पैलवानांचा होता. या वाचनालयात पुस्तकेच शिल्लक नसून ती सर्व लोकांच्या घरी पडलेली आहेत, असे खजिनदारांनी स्वहस्ते लिहून फलकावर लावले आहे, तरी नोंदणी रद्द करावी. मी वाचलं. भाषा चांगली होती. बाई म्हणाल्या, शुक्रवारी मुदत संपते. तोवर वही दुरुस्त करून आणा. आणि शुक्रवारीच आमचे निरीक्षक पुस्तकं मोजायला येतील. दाखल नोंदवहीतली सगळी पुस्तकं कपाटात दिसली तर ठीक. शंभराहून जास्त कमी भरली तर माझ्या हातात काही नाही.

घरी येऊन मी हिला सांगितलं की आता संपलं. ती वही घेऊन बसली. मी सांगायचं, तिने लिहायचं, असं म्हणाली. दोन दिवस आम्ही त्या त्रेचाळीस खात्यांतली एकेक नोंद रद्द केली. वाचक म्हणून कुणी नावे नाही, कुणी जमा नाही. पुस्तकं मालमत्तेच्या खात्यात, जिथल्या तिथे. तेरीज परत मांडली. परत जुळली. या खेपेला आम्ही दोघांनीही तिच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. गुरुवारी मी वही कार्यालयात देऊन आलो.

शुक्रवारी निरीक्षक आले. मोजणं सुरू झालं. पैलवान दाराशी उभे होते, हाताची घडी घालून, आणि दर कपाटामागे एकेक पाऊल आत येत होते. आमची दाखल पुस्तकं बाराशे चाळीस. तिसऱ्या कपाटापाशी मला उभं राहवेना. मी बाहेर जाऊन मीटर पाहून आलो, पंखा लावला, बंद केला, निरीक्षकांना तिसऱ्यांदा पाणी विचारलं. पाचवं कपाट, सहावं, सातवं. टेबलांवरच्या चळती, खाली ठेवलेली खोकी. रागाने लोकांनी घरं झाडून काढली होती. नऊ वर्षांपूर्वीची, पाण्यात भिजलेली, कुणाच्या तरी औषधाची पावती खूण म्हणून घातलेली पुस्तकं, सगळी आली होती.

निरीक्षकांनी बेरीज केली, परत केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाराशे त्रेचाळीस. तीन जास्त आहेत."

लोकांनी दुसऱ्या कुठल्या तरी वाचनालयांचीही देऊन टाकली होती. निरीक्षकांपुढे खरी अडचण उभी राहिली. पुस्तकं कमी भरली तर त्याचा फॉर्म होता. जास्त भरली तर फॉर्म नव्हता. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत होते. शेवटी इतका वेळ कोपऱ्यात बसलेली ही उठली, ती तीन पुस्तकं पिशवीत घातली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. निरीक्षकांनी बाराशे चाळीस लिहिलं. पैलवानांनी हाताची घडी सोडली आणि ते निघून गेले.

वाचलो, असं मला वाटलं. पूर्ण दोन मिनिटं वाटलं. मग निरीक्षकांनी देवघेवीची वही मागितली, पाहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले. मी तो शेरा इतक्या वेळा वाचला आहे की तोंडपाठ आहे. ग्रंथसंग्रह पूर्ण आढळला. मात्र एकही पुस्तक वाचकांकडे नसल्याने वाचनालय चालू असल्याचे दिसून येत नाही. तरी तीस दिवसांत प्रत्येक सदस्य घरी किमान एक पुस्तक दिल्याची नोंद, घेणाऱ्याच्या सहीसह, सादर करावी. अन्यथा नोंदणी रद्द समजावी.

प्रत्येक सदस्य घरी. त्रेचाळीस घरी.

मी आठवडाभर पाच ते आठ वाचनालयात बसलो. कुणी आलं नाही. बसलो म्हणजे उभाच होतो. कपाटं इतकी गच्च भरली होती की पुस्तक काढायला बोट शिरत नव्हतं, आणि मला वाटत होतं, अशी खोली मी चौतीस वर्षं मागत होतो. आता मिळाली होती, आणि तिच्यात मला दोन मिनिटं बसवत नव्हतं. आठव्या दिवशी मी फलकावर नवा कागद लावला. कुणाकडूनही संस्थेचे काही येणे नाही. आधीची यादी ही खजिनदारांची चूक होती. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

ही म्हणाली, कागद वाचून लोक येत नाहीत, आपण जाऊ. मला दुसऱ्याच्या दाराची घंटा वाजवता येत नाही. शेजाऱ्यांकडे आग लागली असती तरी मी आधी पत्र टाकलं असतं. तिला हे ठाऊक आहे. तिने चार पुस्तकं पिशवीत घातली, वही माझ्या काखेत दिली, आणि मला थेट पैलवानांच्या दारापाशी नेऊन उभं केलं. मी म्हटलं, निदान सोप्या घरापासून सुरुवात करू. ती म्हणाली, सोपं घर आता कोणतं उरलंय? आणि तिने घंटा दाबली. मी मागे वळलो होतो. तिने माझ्या सदऱ्याची बाही धरली.

पैलवानांनी दार उघडलं. त्यांना शेऱ्याची बातमी लागली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी सही केली नाही की झालं. बाकीच्या बेचाळीस घरांनी शंभर पुस्तकं नेली तरी उपयोग नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

मी बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, की तुमच्याकडे काही येणं नव्हतं. कधीच नव्हतं. चूक माझी.

ते म्हणाले, वाचलं. मग म्हणाले, व्याही परत कुठे येतायत ते वाचायला. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला की घ्यायचं असेल ते घ्या आणि दार लावा, मांजर बाहेर जाईल. पैलवानांनी पायाने मांजर आत ढकललं आणि हात पुढे केला. हिने पिशवीतून पहिलं हाताला आलं ते पुस्तक त्यांना दिलं. त्यांनी ते उलटं करून मागची किंमत पाहिली.

"हे कुठे लिहिणार?"

"कुठेच नाही," मी म्हणालो. "फक्त तारीख, आणि तुमची सही. तुम्ही नुसतं घ्या."

त्यांनी वही घेतली. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं, आणि इतका वेळ थांबलं की मी मनातल्या मनात कपाटांचा निरोप घेऊ लागलो. मग त्यांनी रकाना नीट शोधला, तिथे रक्कम लिहायची जागा नाही याची खात्री करून घेतली, आणि सही केली. वही परत देताना विचारलं, न वाचता परत केलं तर चालेल ना?

चालेल, असं मी म्हणालो. ग्रंथपालाच्या तोंडून हे वाक्य निघावं याचं मला नंतर फार वाईट वाटलं. दार लागलं. आत कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी तिथेच उभा होतो, वही छातीशी धरून, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला कुठे जावंसं वाटत नव्हतं.

हिने शेजारच्या दाराची घंटा दाबलीसुद्धा होती.

"चला," ती म्हणाली, "अजून बेचाळीस आहेत."